पेटी, पखवाज आणि साठ डॉलरचं सॉफ्टवेअर

मंगलाष्टकं रेकॉर्ड करायला स्टुडिओतलं सॉफ्टवेअर लागत नाही. एक आवाज, मागे तानपुरा, चार-पाच मिनिटांचा मामला. तरीही लग्नसराई जवळ आली की मिरजेतल्या एका पेटीवादकांच्या घरी कुणाची तरी आत्या लॅपटॉप घेऊन येते आणि त्या लॅपटॉपवर भाच्याने शे-दीडशे बटणांचं काहीतरी घालून दिलेलं असतं. कार्यालयात भटजींच्या माइकसमोर उभं राहिलं की आवाज दाटून येतो, म्हणून आधीच रेकॉर्ड करून ठेवायचं, एवढाच त्या माउलीचा हेतू. पेटीवादक ते सॉफ्टवेअर काही न बोलता बंद करतात, ऑडॅसिटी उतरवून घेतात, लाल गोल बटण दाखवतात आणि सांगतात, "काकू, पहिलं कडवं म्हणा. चुकलं तर थांबू नका, ओळीच्या सुरुवातीपासून परत म्हणा. मधलं आपण कापू." तासाभरात काम होतं. चहा-पोह्यांचा वेळ वेगळा.

हे गृहस्थ सकाळी पेटीच्या शिकवण्या घेतात, संध्याकाळी भजनाला आणि नाट्यगीतांना साथ करतात. गेली पंधरा-सोळा वर्षं घरातल्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंगही करतात. इंजिनियर नाहीत, तसा दावाही नाही. मिरज हे तंतुवाद्यांचं गाव. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे सुराचा कान असलेली माणसं गावात पुष्कळ, आणि आता संगणकाचं वेड असलेली पोरंही पुष्कळ. दोन्ही मंडळी त्यांच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: स्वस्तातलं चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?

त्यावर ते उलट विचारतात, "आवाज कुठनं येणार?" गळ्यातून, पेटीतून, पखवाजातून की संगणकाच्या पोटातूनच? त्यांच्या अनुभवात निम्मी निवड या एका उत्तराने होऊन जाते. नवखा माणूस मात्र हे सोडून किंमत विचारतो.

जत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी असेच आले होते. पाठ्यपुस्तकातल्या कवितांना चाली लावून मुलांकडून म्हणून घ्यायच्या आणि पालकांच्या ग्रुपवर पाठवायच्या, हा त्यांचा उद्योग. त्यांनी एक फुकट आणि दिसायला देखणं सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात ड्रम वाजले, बासरी वाजली, व्हायोलिनही वाजलं. मग माइक जोडला आणि रेकॉर्डचं बटण शोधण्यात उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या कितीतरी दुपारी गेल्या. "सर, माझा लॅपटॉप जुना आहे म्हणून होत नसेल का?" लॅपटॉप ठणठणीत होता. सॉफ्टवेअरच गाणं आत घेण्यासाठी घडवलेलं नव्हतं.

असे प्रोग्राम वाईट असतात असं नाही. एलएमएमएस हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ठेके आणि सुरावटी संगणकातच रचण्यासाठी आहे, माइकवरून थेट गाणं घेणं हे त्याचं कामच नव्हे. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं एफएल स्टुडिओ १९९७ मध्ये फ्रूटीलूप्स या नावाने आलं. बीट बनवणाऱ्या पोरांचा त्याच्यावर जीव आहे, आणि एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या कायम फुकट, हा त्याचा मोठा गुण. पण त्याच्या सगळ्यांत स्वस्त 'फ्रूटी' प्रकारात माइकवरून रेकॉर्डिंगची सोय नाही, त्यासाठी वरचा 'प्रोड्यूसर' प्रकार घ्यावा लागतो. शिवाय चाचणी प्रतीत केलेलं काम जतन होतं, मात्र विकत घेईपर्यंत ते पुन्हा उघडून पुढे नेता येत नाही. कंपनीने हे सगळं स्पष्ट लिहिलेलं असतं. वाचतं कोण?

ऑडॅसिटी ही पेटीवादकांची पहिली पायरी, आणि ती स्वस्त आहे एवढंच त्याचं कारण नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं आणि २००० मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याची वृत्ती जुन्या टेपरेकॉर्डरची आहे: उघडलं की वर मिनिटं आणि सेकंद दिसतात, खाली आवाजाची नक्षी. तालाबद्दल ते काही गृहीत धरत नाही. जुन्या बैठकांच्या कॅसेट संगणकात घ्यायच्या, कीर्तनातली खोकल्याची उबळ कापायची, एक गळा आणि एक पेटी रेकॉर्ड करायची, या कामांना पेटीवादकांच्या मते आजही दुसरं काही शोधायची गरज नाही. पूर्वी त्यात एक अडचण होती. आवाजावर इको चढवला की तो मूळ आवाजातच मुरायचा आणि आठवड्याने जास्त वाटला तर काढता येत नसे. २०२२ मधल्या ३.२ आवृत्तीपासून इफेक्ट वाजता वाजता लावता आणि काढता येतात, त्यामुळे ती तक्रार बरीचशी मिटली. कीबोर्ड जोडून संगणकातली वाद्यं वाजवायची असतील तर मात्र ऑडॅसिटी कामाचं नाही.

खरी गंमत सुरू होते ती तालापाशी.

रेकॉर्डिंगचं जवळपास कुठलंही मोठं सॉफ्टवेअर उघडा, समोर चार मात्रांचे चौकोन आखलेले असतात आणि लय मिनिटाला १२० ठोके अशी धरलेली असते. पाश्चात्त्य पॉप गाण्याला ते सोयीचं. शिरोळकडचं एक भजनी मंडळ त्यांच्याकडे अभंग रेकॉर्ड करायला आलं, तेव्हा मंडळातल्या एका कॉलेजच्या पोराने आदल्या रात्री अभ्यास करून सांगितलं होतं की आधी क्लिक, म्हणजे लय मोजणारा ठोका, लावायचा, मग त्यावर सगळ्यांनी वाजवायचं. बुवांच्या कानाला हेडफोन लावला. अभंगाचं धृपद झालं, पहिलं कडवं झालं, आणि बुवांची लय सवयीप्रमाणे जराशी वर सरकली. क्लिक होता तिथेच. पखवाजवाला बुवांकडे बघू की कानातल्या टकटकीकडे लक्ष देऊ, अशा पेचात सापडला. बुवांनी हेडफोन काढून गुडघ्यावर ठेवला. "ही टकटक बंद करा. टाळ द्या एखाद्याच्या हातात."

बुवांचं बरोबर होतं. भजनात लय चढत जाते आणि ती चढण हाच त्या गाण्याचा जीव आहे. विलंबित ख्यालाला तर घड्याळी क्लिक लावणं म्हणजे गायकाचा अपमानच. म्हणून आपल्याकडच्या नवशिक्याने सॉफ्टवेअर निवडताना एक गोष्ट आवर्जून तपासावी असं पेटीवादक सांगतात: यातली चौकट किती सहज बंद करता येते? रीपर या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी बसवलेली पद्धत अशी. नवीन गाणं उघडलं की मेट्रोनोम बंद, चौकोनांना चिकटण्याची सोय बंद, वरची पट्टी मात्रांऐवजी मिनिटं-सेकंदांची. त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचे तुकडे मात्रांऐवजी वेळेला बांधून टाकायचे. हे शेवटचं फार महत्त्वाचं. ते केलं नाही आणि रेकॉर्डिंग झाल्यावर सहज म्हणून लयीचा आकडा बदलला, तर आधी गायलेलं सगळं रबरासारखं ताणलं जातं किंवा आखडतं. बुवांचा आवाज तसा ताणलेला ऐकून मंडळातली पोरं खो खो हसली होती. बुवा हसले नाहीत.

तालाची चौकट ठेवायची असेल तर तिच्यावरही हुकमत हवी. सुगम गायन शिकणारी एक मुलगी रूपकातलं गीत घेऊन आली होती. सात मात्रा, तीन-दोन-दोन असा विभाग. सॉफ्टवेअरमध्ये सातची चौकट घालता येते, पण क्लिक पहिल्या मात्रेला जोरात वाजतो. रूपकाची पहिली मात्रा असते खाली. मुलगी सवयीने चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर वजन देऊन गात होती, कानात मात्र उलटं वाजत होतं, आणि दर दोन ओळींनी ती अडखळत होती. ठोक्यांचा नमुना बदलून पहिला ठोका हलका आणि चौथा-सहावा जड केला, तेव्हा गाडी रुळावर आली. झपतालाच्या दहा मात्रांनाही तेच. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे बदलता येत नाही तिथे ते क्लिक बंदच ठेवतात, तबलजीला किंवा तबल्याच्या यंत्राला आधी एका ट्रॅकवर घेतात आणि त्यावर गाणं घेतात.

सुराचं तसंच. संगणकातली वाद्यं मधल्या 'ध'ला ४४० धरून बसलेली असतात. पेटीवादकांची स्वतःची जुनी पेटी वरच्या बाजूला लावलेली आहे, तोच स्वर तिच्यावर ४४५ च्या घरात येतो. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची बारीक पट्टी फिरवून तो पेटीशी जुळवता येतो, त्याची अडचण नाही. पण एका पोराने गाणं झाल्यावर मागे संगणकातली व्हायोलिनं भरली आणि सगळंच बेसूर वाटायला लागलं. पोराला वाटलं, गाणारी चुकली. ती स्वच्छ सुरात होती, पेटीशी पक्की जुळलेली. पेटीचे सूर काही दुपारभरात बदलता येत नाहीत, त्यासाठी कारागीर लागतो. म्हणून संगणकातली व्हायोलिनंच वीस सेंट वर चढवली. दोन लागोपाठच्या स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. वीस सेंटांनी ४४० चे साधारण ४४५ होतात. जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर-वाद्यात हा काटा असतो, कुठे आहे तेवढं शोधावं लागतं.

सूर दुरुस्त करणाऱ्या इफेक्टबद्दल ते जरा हट्टी आहेत. रीपरमध्ये आणि ॲपलच्या गॅरेजबँडमध्ये तो फुकटच मिळतो, त्यामुळे नवखा माणूस पहिल्या आठवड्यातच तो लावून बघतो. दरबारीतल्या आंदोलित गंधाराला हा इफेक्ट लावला की आंदोलन जातं आणि एक सपाट, इस्त्री केलेला स्वर उरतो. मींडेच्या जागी पायऱ्या ऐकू येतात. रॅपला, रीमिक्सला खुशाल लावा, पण राग गाणाऱ्यांनी त्या बटणाच्या वाटेला जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं आहे आणि त्यात काही अतिशयोक्ती वाटत नाही.

रीपरवर त्यांचा इतका लोभ का, याची कारणं व्यवहारी आहेत. नव्वदीत आणि त्यानंतर ज्यांनी संगणकावर एमपीथ्री गाणी ऐकली त्यांना विनॅम्प आठवत असेल. तो बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलच्याच कॉकोस कंपनीने २००५ मध्ये रीपर आणलं. उतरवायला वीसेक एमबी, त्यामुळे गावात मोबाइलच्या नेटवरही चटकन येतं आणि जुन्या लॅपटॉपवर पळतं. साठ दिवस ते पूर्ण वापरून बघता येतं, एकही सोय कापलेली नसते. परवाना स्वतःच्या वापरासाठी किंवा वर्षाला वीस हजार डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांसाठी ६० डॉलरचा, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास. मोठ्या धंद्यासाठी तो २२५ डॉलरचा आहे. सॉफ्टवेअर दोन्हीकडे तेच. साठ दिवसांनंतरही ते बंद पडत नाही, उघडताना आठवण मात्र करून देतं, आणि पुष्कळ लोक त्या आठवणीकडे वर्षानुवर्षं कानाडोळा करतात. पेटीवादकांना ते रुचत नाही. साथीची बिदागी बुडवणाऱ्या मंडळींचा त्यांना जो अनुभव आहे, त्यातून हे आलं असावं.

उणी बाजूही आहे. रूप म्हणाल तर तहसील कचेरीतल्या अर्जासारखं. आत वाद्यं जवळपास नाहीतच: ना तबला, ना बासरी, ना व्हायोलिन. ज्याला स्वतःचं काही वाजवता येत नाही आणि सगळे आवाज संगणकातूनच हवेत, तो ते उघडून निराश होतो. अशाला पेटीवादक विचारतात की घरात मॅक किंवा आयफोन आहे का. असेल तर गॅरेजबँड. २००४ मध्ये आलेलं हे सॉफ्टवेअर ॲपलच्या यंत्रांवर फुकट आहे आणि त्यात वाद्यं भरपूर आहेत. विंडोजवाल्याने वेव्हफॉर्म फ्री बघावं, त्याला ट्रॅकची मर्यादा नाही. लिनक्स वापरणारे थोडे, पण ते आर्डोरवर खूश असतात. माइक संगणकाला जोडणारा इंटरफेस विकत घेतल्यावर खोक्यात एबलटन लाइव्ह किंवा क्यूबेसची छोटी आवृत्ती बहुधा येतेच, तीही आधी उघडून बघावी. पैसे देऊन झालेले असतात, कोड मात्र खोक्यातच पडून राहतो.

चोरीच्या प्रतींबद्दल बोलताना ते उपदेश करत नाहीत, एक हकिगत सांगतात. सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने महागडं सॉफ्टवेअर आणि त्यासोबत वाद्यांचा भलाथोरला संग्रह असाच कुठूनतरी मिळवला होता. काही महिने छान गेले. एका सकाळी गाण्यांच्या सगळ्या फाइलींना कुलूप आणि पडद्यावर पैसे मागणारी चिठ्ठी. गणेशोत्सवाचे कार्यक्रम तोंडावर होते, मागचे ट्रॅक सगळे त्याच संगणकात. पेनड्राइव्हवर जुनी अर्धी-मुर्धी गाणी होती त्यावर त्याने तो हंगाम मारून नेला.

सॉफ्टवेअरला उगाच बोल लावला जातो अशीही प्रकरणं येतात, आणि ती संख्येने सगळ्यांत जास्त. शिरोळच्या त्याच मंडळाने वर्गणी काढून यूएसबीचे दोन माइक आणले होते, एक बुवांना, एक पखवाजाला. विंडोजवर रेकॉर्डिंगसाठी जो आसिओ नावाचा मार्ग वापरतात, त्यातून एका वेळी एकच यंत्र चालतं. दोन यूएसबी माइक म्हणजे दोन स्वतंत्र यंत्रं, दोघांची घड्याळंही वेगळी. जुगाड करून दोन्ही चालवता येतात, पण पाच-दहा मिनिटांच्या अभंगात पखवाज आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकतात. मंडळाने तीन सॉफ्टवेअरं बदलून बघितली होती. त्या पैशांत दोन साधे माइक आणि दोन तोंडांचा एक इंटरफेस आला असता. सुदैवाने दुकानदार भला निघाला, बदलून मिळालं.

आवाज उशिरा ऐकू येण्याची तक्रार तर रोजची. एक भावगीत गायिका हेडफोन लावून गायची आणि दर वेळी ठेक्याच्या मागे पडायची. ती स्वतःला दोष देत होती. पेटीवादकांनी बफरचा, म्हणजे संगणक एका दमात आवाजाचे जितके नमुने हाताळतो त्याचा, आकडा बघितला: १०२४. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने हा आकडा म्हणजे २३ मिलिसेकंद, आत येताना एकदा आणि बाहेर पडताना पुन्हा तेवढेच. आवाज हवेतून एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. म्हणजे तिला तिचाच आवाज पंधरा मीटर लांबून आल्यासारखा ऐकू येत होता. आकडा १२८ वर आणला, उशीर एका बाजूला तीन मिलिसेकंदांवर आला, आणि तिचा सूर, ठेका सगळं जागेवर बसलं. मिक्सिंग करताना तोच आकडा पुन्हा मोठा करायचा, नाहीतर जुना लॅपटॉप धापा टाकतो आणि गाण्यात कडकड ऐकू येते. बऱ्याच इंटरफेसवर थेट ऐकण्याचं एक बटण असतं, ते दाबलं तर हा हिशेबच करावा लागत नाही.

बाकी छोट्या गोष्टी पुष्कळ आहेत. घूं असा आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघायचा, जुन्या घरांतल्या अर्थिंगचा तो प्रताप असतो. कंडेन्सर माइकमधून काहीच येत नसेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबलंय का ते बघायचं. पंखा बंद, खिडकीला गोधडी. लाइट जाण्याचा वार ठरलेला असेल तर तो टाळायचा.

सगळ्यांत जास्त वेळ ते ज्यावर बोलतात ती गोष्ट सॉफ्टवेअर सोडून जाण्याची आहे. केकवॉक हे त्यांचं आवडतं उदाहरण. १९८७ मध्ये डॉसवर जन्मलेलं हे सॉफ्टवेअर पुढे सोनार नावाने नावारूपाला आलं. २०१३ मध्ये गिटारवाल्या गिब्सन कंपनीने ते घेतलं, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याचा पुढचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते विकत घेतलं आणि चक्क फुकट वाटलं. २०२३ मध्ये पुन्हा घोषणा झाली की त्याची जागा नवं सोनार घेणार. यात कुणाचं पाप नाही, धंदा आहे. पण इचलकरंजीच्या एका कीबोर्डवादकाची सात-आठ वर्षांची गाणी त्या एकाच सॉफ्टवेअरच्या फाइलींमध्ये होती. २०१७ च्या त्या बातमीनंतर त्याने दिवाळीनंतरच्या रात्री एकेक गाणं उघडून प्रत्येक वाद्याचा ट्रॅक सुटा बाहेर काढला. काही गाण्यांतली वाद्यं तोवर मिळेनाशी झाली होती. ती गाणी मुक्या ट्रॅकांसकट तशीच राहिली.

तेव्हापासून मागच्या खोलीत शिरस्ता आहे. गाणं पूर्ण झालं की त्याच दिवशी प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत, सुटा, साध्या वेव्ह फाइलीत काढायचा. आवाज 'गायन', पेटी 'पेटी', अशी सरळ नावं द्यायची, 'ट्रॅक ७ नवीन अंतिम' नाही. लय ठरलेली असेल तर आकडा आणि पट्टी एका मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवायची. २४ बिटचा एका माइकचा ट्रॅक मिनिटाला आठ एमबीच्या आसपास भरतो. पाच मिनिटांचं, सहा ट्रॅकचं गाणं अडीचशे एमबीच्या आत मावतं, आजच्या पेनड्राइव्हला ते काहीच नाही. अशा फाइली उद्याच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतील. म्हणूनच नव्या माणसाला ते चाचणीच्या पहिल्याच दिवशी एक खटपट करायला लावतात: दहा सेकंदांचं काहीतरी रेकॉर्ड करा, सुटे ट्रॅक बाहेर काढा, दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडून दाखवा. ज्यात हे जमलं नाही किंवा त्यासाठी पैसे मागितले, ते सॉफ्टवेअर त्याच दिवशी यादीतून बाद.

मोबाइलवाल्यांना ते कमी लेखत नाहीत. सांगलीत होस्टेलवर राहणारा एक पोरगा मराठी रॅप करतो. लॅपटॉप नाही, फोनवर बँडलॅबचं ॲप, अंगावर पांघरूण घेऊन रेकॉर्डिंग. शब्द धारदार, उच्चार मिरज-सांगलीचे अस्सल. पण सगळं ठेक्याच्या किंचित मागे. कारण त्याच्या कानातच होतं, ब्लूटूथचे इअरफोन. बिनतारी आवाजाला शे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात, त्यामुळे बीट त्याला उशिरा ऐकू यायचा आणि तो त्या उशिरा आलेल्या बीटवर गायचा. शंभरेक रुपयांचे वायरवाले इअरफोन घेतल्यावर काम झालं. त्याला कुठलंही सॉफ्टवेअर घ्यायला त्यांनी सांगितलं नाही. अजून वर्षभर फोनच पुरे, म्हणाले.

शिरोळच्या मंडळाने मात्र शेवटी रीपरचा परवाना घ्यायचं ठरवलं, बैठकीत ठराव करून. खजिनदार स्वतः आले. कार्ड चालेना. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन सुरू करावे लागतात. ते झालं, ओटीपी आला, पैसे गेले, परवान्याची फाइल ईमेलने आली. खजिनदारांनी पावतीचा प्रिंट मागितला, घडी करून मंडळाच्या वहीत ठेवला आणि विचारलं, "हे किती वर्षं चालणार?"

परवाना वर्षांवर नसतो, आवृत्त्यांवर असतो. सातव्या आवृत्तीला घेतलेला परवाना आठवी संपेपर्यंत चालतो.

"आणि नववीला?"

"तेव्हा परत वर्गणी काढा, अण्णा."